रविवारचे बारा डबे: फ्रीझरच्या मदतीने वजन उतरवतानाच्या नोंदी

९ जून २०२४, रविवार

वजन ७८.४ किलो, उंची १५८ सेंटिमीटर, कंबर ९८ सेंटिमीटर. आपल्याकडच्या बायकांसाठी कंबर ८० च्या पुढे गेली की धोक्याची मानतात, म्हणजे मी त्याच्या बरीच पुढे आहे. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, ६.१ आली. डॉक्टर म्हणाले, "ही मधुमेहाच्या उंबरठ्याची पायरी आहे, इथून मागे फिरता येतं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू."

वय ४७, नाशिकला घर, सातपूरला ऑफिस. घरात सासूबाई, हे, कॉलेजला जाणारा मुलगा आणि मी. डाएटचे छापील कागद याआधी दोनदा आणले. तेव्हा घराचा स्वयंपाक वेगळा आणि माझा वेगळा, असं रोज दोनदा शिजवण्यात मी आठवड्याभरात थकले. म्हणून या वेळी मोजून भरलेले गोठवलेले डबे खायचे ठरवलंय. सोमवार ते शुक्रवार दुपार-रात्र मिळून दहा डबे. शनिवार-रविवार घरच्यांबरोबर, पण एकदाच वाढून घ्यायचं. ज्या बाईला हेच करायचं असेल तिला माझ्या चुका आयत्या मिळाव्यात म्हणून लिहून ठेवतेय.

१५ जून, शनिवार

पहिला आठवडा विकतच्या गोठवलेल्या पाकिटांवर काढला. सहा पाकिटं, १,१४० रुपये. हा प्रयोग इथेच थांबवतेय, कारणं अशी.

पनीरच्या भाजीच्या पाकिटावर कॅलरी १६५ लिहिल्या होत्या. मी खूश होऊन अख्खं पाकीट खाल्लं. रात्री चष्मा लावून वाचलं तेव्हा कळलं की आकडा १०० ग्रॅमचा होता आणि पाकीट ३०० ग्रॅमचं. म्हणजे ४९५ कॅलरी, पोळ्या वेगळ्याच. सोडियमचंही तेच, १०० ग्रॅमला ४८० मिलिग्रॅम, म्हणजे पाकिटात १,४४०. दिवसभराची मर्यादा २,००० ची. बुधवारी सकाळी अंगठी बोटातून निघेना.

आणि एवढ्या पाकिटात पनीर किती? काढून, पुसून वजन केलं. सहा तुकडे, ६२ ग्रॅम. बाकी सगळी ग्रेव्ही. तशी ग्रेव्ही मी घरी निम्म्या तेलात करू शकते. उद्यापासून आपलंच शिजवायचं आणि आपलंच गोठवायचं.

आठवड्यात एक काम मात्र चांगलं झालं. जेवणाव्यतिरिक्त तोंडात काय जातं ते लिहून काढलं. मुलाने टाकलेली अर्धी पोळी. कढईच्या तळाची भाजी, "एवढीशी काय ठेवायची" म्हणून. दुपारच्या वाटीभर भाताला ताक घालून. सासूबाईंनी नको म्हटलेला शिऱ्याचा चमचा. चार दिवस हे सगळं तोंडात घालण्याआधी काट्यावर ठेवलं, रोज दीडशे ते अडीचशे ग्रॅम भरलं. ही माझी भूक नव्हती. अन्न वाया जाऊ नये ही शिकवण होती आणि ती माझ्या कंबरेवर साठत होती. मला कोणी अन्न टाकायला सांगितलं तर आजही जमणार नाही. पण उरलेलं फ्रीझरमध्ये टाकणं जमेल.

१६ जून, रविवार

वजन ७७.९.

आतापर्यंत आणलं ते: एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा ६५० रुपये, ५०० मिलिलिटरचे झाकणाचे चपटे डबे बारा, ९०० रुपये. दोन डबे अडीअडचणीला, म्हणून बारा.

पहिली अडचण स्वयंपाकाआधीच आली. फ्रीझरचा वरचा कप्पा भरलेला होता. आमरसाच्या सात पिशव्या, खोवलेला नारळ, मटार, कैरीच्या फोडी. सासूबाईंनी वर्षभराची बेगमी केलेली. त्या म्हणाल्या, "अगं, घरात चार माणसांचं ताजं शिजतंय आणि तू बर्फातलं शिळं खाणार?" त्यांच्या वळणात शिळं म्हणजे फक्त कालचं अन्न नव्हे, त्यात घरच्या सुनेला शिळं वाढल्याचा कमीपणाही आहे. मी वाद घातला नाही. रिपोर्ट दाखवला. त्यांची स्वतःची साखर वीस वर्षांची आहे, त्यांना तो आकडा कळला. रस आडव्या पिशव्यांत भरून चपटा गोठवला, तर निम्मी जागा मोकळी झाली.

मग शिजवलं. मटकीची उसळ, मसूर आमटी, बटाटा-फ्लॉवर, भात, पोळ्या. सकाळी नऊला सुरू केलं, ओटा पुसला तेव्हा दोन वीस झाले होते.

तेलाची गोष्ट इथेच सांगते. फोडणीला नेहमीच्या हाताने पळी उचलली आणि तेल ओतण्याआधी सहज काट्यावरच्या वाटीत रिकामी केली. ३१ ग्रॅम. सहा जणांच्या उसळीला मी अशा दोन पळ्या घालते. एका ग्रॅम तेलाच्या ९ कॅलरी, म्हणजे नुसत्या फोडणीच्या साडेपाचशेच्या वर. आमच्याकडे महिन्याला तेलाचा पाच लिटरचा डबा लागतो. चार माणसांत भागलं तर रोज माणशी बेचाळीस मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे साडेतीनशे कॅलरी. मी कितीतरी वर्षं भातालाच दोष देत होते. आजपासून पळी बंद. चहाचा चमचा, डब्यामागे एक सपाट.

१९ जून, बुधवार

बटाटा-फ्लॉवरचे तीनही डबे फुकट गेले. गोठून सुटलेला बटाटा स्पंजासारखा होतो, दाबला की पाणी सोडतो, जिभेवर कण लागतात. फ्लॉवर चिखल झाला. गिळवेना, म्हणून सकाळी कणकेत मळून पराठे केले आणि मुलाला दिले.

भाताने दगा दिला तो माझ्या चुकीने. दुपारपर्यंत गार व्हायला उघडा ठेवला होता, म्हणून कोरडा पडला. आणि ते बरोबरही नाही. शिजलेला भात तासन्‌तास बाहेर राहिला तर त्यात असे जंतू वाढतात की नंतर कितीही गरम केला तरी त्यांचं विष जात नाही. दोन डबे टाकून दिले. ते टाकताना हात थरथरले, पण टाकले.

२३ जून, रविवार

वजन ७७.०. पहिल्या दोन आठवड्यांतलं बरंचसं पाणीच असतं, त्यामुळे हुरळत नाही.

अन्न लवकर गार कसं करायचं हा प्रश्न सासूबाईंनी सोडवला, आणि तोही कुरकुर करता करता. मी पातेलं पंख्याखाली ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "असं कधी गार व्हायचं? परातीत पाणी घे, त्यात पातेलं ठेव आणि डाव फिरवत राहा. विरजण लावायला दूध कोमट करतेस ना तसं." परातीत बर्फाचे खडे घातले. उसळ वीस मिनिटांत हाताला गार. भात ताटात पातळ पसरायचा, वाफ गेली की लगेच १२० ग्रॅमच्या वड्यांसारखा चपटा पिशवीत भरून फ्रीझरमध्ये. १२० ग्रॅम शिजलेला भात म्हणजे साधारण १५५ कॅलरी. खाताना वर चमचाभर पाण्याचा हबका मारून झाकून गरम केला की मोकळा आणि मऊ होतो. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवलेला भात जेवढा कडक होतो तेवढा गोठवलेला होत नाही, हे मला नवीन होतं.

२७ जून, गुरुवार

डब्यांवर मार्करने लिहिलं होतं ते बर्फाच्या ओलाव्याने पुसलं गेलं. आमटी समजून काढलेला डबा कोंबडीच्या रश्श्याचा निघाला, आणि तो उघडायची सोय नव्हती, कारण मी ऑफिसात शाकाहारी मैत्रिणींबरोबर एका टेबलावर बसते. खालून केळी आणून खाल्ली. आता कागदी चिकटपट्टी, बॉलपेनने पदार्थ, तारीख आणि वजन, आणि पट्टी कोरड्या डब्याला अन्न भरायच्या आधी लावायची. पट्टी ४० रुपयांची.

३० जून, रविवार

वजन ७६.६.

ऑफिसच्या जेवणाबद्दल लिहायला हवं, कारण मला वाटलं होतं ते सोपं आहे आणि ते सगळ्यांत कठीण निघालं. आम्ही सहा जणी एकत्र जेवतो. झाकणं उघडली की डबे मध्ये सरकतात. एकीची भरली वांगी, एकीची मेथी, घासघासभर सगळ्यांचं. माझा डबा मोजलेला, त्यातून मी दोन चमचे देते आणि पाच जणींकडून दोन-दोन चमचे घेते. मोजण्याला अर्थच राहिला नाही. आणि "मी कुणाचं घेणार नाही" असं म्हणून बाजूला बसायचं म्हणजे बारा वर्षांची पंगत मोडायची.

दोन दिवस एकटी जेवले. पोटाला बरं वाटलं, मनाला नाही.

शेवटी उपाय असा केला. वाटून खायचा एक वेगळा डबा नेते, काकडी-टोमॅटो-मुळ्याचा, नाहीतर दाण्याचं कूट न घातलेल्या कोशिंबिरीचा. तो मध्ये ठेवते. त्यांच्याकडून फक्त एकीची भाजी, एकच चमचा, रोज वेगळ्या मैत्रिणीची. त्यांना रिपोर्टचं सांगितलं. त्यातल्या दोघींनी दुसऱ्या दिवशी आपापल्या कंबरा मोजून आणल्या.

७ जुलै, रविवार

वजन ७६.८. वाढलं.

कारण मला माहीत आहे. डबे फार छोटे भरत होते. एक पोळी आणि वाटीभर उसळ, तीनशेच्या आत. आठ वाजता जेवण संपायचं आणि साडेदहाला मी ओट्यापाशी शेंगदाण्याच्या बरणीत हात घालून उभी. एक मूठ, मग दुसरी, मग गुळाचा खडा. मंगळवारी आधी बरणीचं वजन केलं आणि नंतर पुन्हा केलं, ५४ ग्रॅम गेले होते. तीनशे कॅलरी, म्हणजे डब्यात जेवढ्या वाचवल्या त्याच्यापेक्षा जास्त.

डबा बदलला. कोरडी मटकी किंवा डाळ माणशी ४० ऐवजी ५५ ग्रॅम. पोळ्या दोन, पण प्रत्येकी २५ ग्रॅम पिठाच्या, म्हणजे दोन्हींच्या मिळून १७०. सगळं मिळून चारशे ते सव्वाचारशे. शिवाय ताजी कोशिंबीर आणि पातळ ताक हवं तेवढं. उपाशी राहून हे चालत नाही. डबा एवढा हवा की जेवून उठताना पोट भरल्यासारखं वाटलं पाहिजे.

१० जुलै, बुधवार

एक डबा फुटला. बाहेरून मागवलेल्या जेवणाचे पातळ प्लॅस्टिकचे डबे मी साठवते, त्यातले दोन भर म्हणून वापरले होते. गोठल्यावर ते प्लॅस्टिक काचेसारखं ठिसूळ होतं. सकाळी पावणेआठला हातातून निसटला आणि फरशीवर तीन तुकडे. मटकी बर्फाच्या विटेसारखी सरकत फ्रीजखाली गेली. वीट अख्खी होती, पण चिरा गेलेल्या प्लॅस्टिकचे बारीक कण त्यात असणार, म्हणून टाकली. त्याआधी काचेची बरणीही तडकली होती, आमटी काठोकाठ भरली म्हणून. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. वर दोन बोटं जागा ठेवायची.

१४ जुलै, रविवार

वजन ७६.१. आज शिजवायला पहिल्या वेळच्या पाच तास वीस मिनिटांऐवजी तीन तास दहा मिनिटं लागली.

पोळ्यांचं आता नीट जमलं. पूर्ण भाजून गोठवलेल्या पोळ्या गरम करताना पापडासारख्या होत होत्या. आता घडीची पोळी तव्यावर दोन्ही बाजूंनी फक्त डाग पडेपर्यंत, कच्चट ठेवून उतरवते. गार झाल्यावर प्रत्येक पोळीमध्ये बटर पेपर, दोन-दोनची जुडी, पिशवीतली हवा दाबून काढायची. खाताना गोठलेलीच तापल्या तव्यावर टाकायची. कडेने घाम सुटल्यासारखी ओलसर होते, मग फुगते. सासूबाईंनी एक तुकडा मोडून पाहिला, खाल्ला, काही बोलल्या नाहीत.

ज्वारीच्या भाकरीला हे लागू नाही. तीनदा केलं, तीनदा भेगा पडून चुरा झाला. भाकरी ताजीच.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. डबे बंद. साबुदाण्याची खिचडी माझ्या नेहमीच्या ताटलीत २५० ग्रॅम मावते. साबुदाणा, दाण्याचं कूट, तूप धरून हिशोब पाचशेच्या जवळ जातो. एक वाटी घेतली, सोबत काकडी आणि ताक.

२१ जुलै, रविवार

वजन ७५.५. इतक्या आठवड्यांत काय टिकतं ते कळलंय, ते लिहिते.

कडधान्यं सगळ्यांत भरवशाची. मटकी, राजमा, छोले, चवळी, मसूर, गोठून आणखी मुरतात. मोड आलेली मटकी थोडी कमी शिजवायची, गरम करताना उरलेली शिजते. वांग्याचं भरीत उत्तम, कच्चा कांदा मात्र खाताना घालायचा. फरसबी, गवार चालते, गवार बोटचेपी होईपर्यंत शिजवू नये. कोंबडीचा रस्सा चांगला राहतो. पिठलं पाणी सोडतं, पण कढईत दोन चमचे पाणी घालून घोटलं की परत येतं. ताकातला चुका आणि कढी फाटते. भेंडीच्या नादाला लागू नका. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा होतो. लसूण गोठल्यावर उग्र होतो, मी निम्मा घालते.

मायक्रोवेव्हमध्ये बर्फाचा गोळा तसाच ठेवला तर कडा उकळतात आणि मधे बर्फ राहतो. म्हणून रात्री झोपताना दुसऱ्या दिवशीचे दोन डबे खालच्या कप्प्यात उतरवते. बाहेर ओट्यावर सोडत नाही. एकदा सुटलेलं पुन्हा गोठवत नाही.

२६ जुलै, शुक्रवार

रात्री पावसात लाइट गेली ती सकाळी आली, अकरा तास. फ्रीझर गच्च भरलेला आणि दार बंद असलं तर दोन दिवस तग धरतो, निम्मा असला तर एक दिवस. माझा शुक्रवारचा, म्हणजे जवळजवळ रिकामा, आणि मुलाने बर्फ आहे का बघायला दोनदा उघडलेला. चार डबे होते. दोनांत मधे बर्फाचे कण शिल्लक होते, ते त्याच दिवशी संपवले. कोंबडीचा मऊ पडलेला डबा आणि एक आमटीचा टाकला.

आता डबे कमी होतील तशा पाण्याच्या बाटल्या भरून जागा भरते, वरचा भाग रिकामा ठेवून. आणि वाटीत पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवलंय. आपण गावाला असताना लाइट गेली आणि सगळं वितळून पुन्हा गोठलं तर नाणं बर्फाच्या आत बुडालेलं दिसतं. तसं दिसलं तर सगळं टाकायचं.

४ ऑगस्ट, रविवार

वजन ७४.९. उद्यापासून श्रावण, कोंबडी बंद. दहाही डबे कडधान्यांचे.

१८ ऑगस्ट, रविवार

वजन ७४.०. उरल्यासुरल्या अन्नाची सोय लागली. शंभर ग्रॅमच्या वर उरलं तर गार करून लगेच डब्यात, त्यावर पट्टी. कमी असेल तर सकाळी थालीपिठात किंवा फोडणीच्या पोळीत. मुलाच्या ताटातलं मी खात नाही. त्याला सांगितलं, लागेल तेवढंच वाढून घे, मग मागून घे. पहिले चार दिवस त्याने टाकलं, आता टाकत नाही. हे मी वीस वर्षं आधी करायला हवं होतं.

१ सप्टेंबर, रविवार

वजन ७३.२. दोन तास चाळीस मिनिटांत बारा डबे. डब्यामागे खर्च सरासरी ६० रुपये पडतोय, कोंबडीचा पंच्याऐंशी.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

वजन ७४.५.

सातला गणपती बसले, काल गौरींबरोबर विसर्जन झालं. या सहा दिवसांत एकही डबा काढला नाही, आणि ते आधीच ठरवून. नैवेद्याचं ताट काट्यावर ठेवायचं नाही, गौरी जेवणाला सवाष्णींबरोबर बसून मोजून खायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. अकरा तारखेला पुरणपोळी, सोळा भाज्या, तूप, सगळं मनसोक्त जेवले. आजचा आकडा बघून पोटात गोळा आला, खोटं सांगत नाही. पण मीठ, गोड आणि जागरणाचं पाणी यात असणार. फ्रीझरमध्ये सणाच्या आधीच भरलेले दहा डबे तयार आहेत. नाहीतर आज थकव्यात फरसाणावरच दिवस गेला असता. ज्यांच्या घरी गणपती असतो त्यांनी हे नक्की करा, सणाच्या आधीच्या रविवारी सणानंतरचे डबे भरून ठेवा.

२२ सप्टेंबर, रविवार

वजन ७२.९, कंबर ९२. पंधरा आठवड्यांत साडेपाच किलो. परवा रक्त दिलं होतं, एचबीए१सी ५.८. डॉक्टर म्हणाले, "हेच चालू ठेवा, डिसेंबरात भेटू."

फुकट गेलेले डबे एकूण अकरा, विकतची पाकिटं सहा, हाताशी न आलेला आठवडा एक.

सासूबाईंचं मत बदललेलं नाही. आजही डबा काढला की त्या म्हणतात, "निदान कढईत तरी गरम कर, ते यंत्र नको." रात्रीचा डबा मी आता कढईतच गरम करते. चव खरंच बरी लागते, लोखंडी कढईला उसळ जरा धरते तेव्हा.

पितृपक्ष सुरू झालाय. पुढच्या रविवारची यादी: चवळी तीन, मसूर तीन, भरीत दोन, राजमा दोन, भाताच्या वड्या दोन. वांगी गुरुवारच्या बाजारातून आणायची.